थंडीत इलेक्ट्रिक गाडीची रेंज घटली? बॅटरीवर खापर फोडण्याआधी हे तपासा

पारा उतरला की दरवर्षी तीच तक्रार कानावर येते: उन्हाळ्यात ४०० किलोमीटर जाणारी गाडी आता अडीचशेतच दम टाकते, म्हणजे बॅटरी गेली. बहुतेक वेळा बॅटरी ठणठणीत असते. वीज नेमकी कुठे जातेय हे कोणी बघत नाही, महागड्या तपासण्यांच्या मागे लागतात, आणि शेवटी निघते काय तर टायरमध्ये हवा कमी.

लक्षणं: नेहमीची आणि काळजीची

खालची लक्षणं थंडीत जवळजवळ प्रत्येक गाडीत दिसतात:

- पूर्ण चार्ज असताना दिसणारी रेंज उन्हाळ्यापेक्षा पाव हिश्शाने कमी, छोट्या फेऱ्यांत तर निम्मी.
- पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत टक्के भराभर उतरतात, नंतर उतार मंदावतो.
- सकाळी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी नेहमीसारखी आवरत नाही, ब्रेक दाबावा लागतो.
- डीसी फास्ट चार्जिंग (सार्वजनिक केंद्रावरचं जलद चार्जिंग) रखडतं.
- पडद्यावर बर्फाच्या स्फटिकाचं चिन्ह किंवा बॅटरीच्या पट्टीचा काही भाग निळा दिसतो. तेवढी वीज पॅक, म्हणजे गाडीची मोठी बॅटरी, गार असेपर्यंत वापरता येत नाही. पॅक गरम झाला की परत मिळते.

ही लक्षणं मात्र थंडीच्या नावावर खपवू नका: ३० टक्क्यांवरून एका झटक्यात १५ वर येणं, गाडी एका बाजूला ओढणं, एकाच चाकाजवळ जळका वास, हीटर चालू असूनही गार हवा, किंवा थंडी सरल्यावरही रेंज परत न येणं.

रेंजचा आकडा झाका, खर्चाचा आकडा बघा

डॅशबोर्डवरची रेंज हा अंदाज असतो. बहुतेक गाड्या तो मागच्या काही किलोमीटरच्या खर्चावरून बांधतात. चार दिवस बाजारहाटाच्या छोट्या फेऱ्या मारल्या की गाडी धरून चालते की पुढेही असंच चालणार, आणि आकडा पडतो. तपासणीसाठी हा आकडा कुचकामी आहे. ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि १०० किलोमीटरला किती किलोवॅट-तास (म्हणजेच युनिट) जातात ते लिहून ठेवायला लागा.

वीज जाण्याच्या वाटा दोन. रस्त्याचा आणि वाऱ्याचा खर्च किलोमीटरवारी लागतो. हीटरचा खर्च तासावारी. घोटाळा होतो तो इथेच. हीटर सरासरी २ किलोवॅट घेत असेल तर ताशी ८० किलोमीटरने जाताना त्याचा वाटा १०० किलोमीटरमागे अडीच किलोवॅट-तास पडतो. वाहतुकीत अडकून ताशी २५ किलोमीटरने जाताना तोच वाटा आठवर जातो. गाडी तीच, हीटर तोच, हिशेब मात्र तिप्पट.

छोट्या फेरीचं गणित तर डोळे उघडणारं आहे. ६ किलोमीटर, १५ मिनिटं. गारठलेली केबिन गरम करायला पहिली १० मिनिटं हीटर ५ किलोवॅटने चालला, उरलेली ५ मिनिटं २ किलोवॅटने. एकूण १ किलोवॅट-तास. म्हणजे १०० किलोमीटरमागे नुसत्या उबेला सोळा-सतरा युनिट. गाडी ओढायलाही साधारण तेवढीच वीज लागते. गाडी तासभर उभी राहून पुन्हा गार झाली की परतीच्या फेरीत हाच खर्च पुन्हा. अशा वापरात रेंज निम्म्यावर आली तर गाडीत काहीही बिघडलेलं नाही.

अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ साली पाच इलेक्ट्रिक गाड्यांची चाचणी घेतली होती. उणे ७ अंशांच्या आसपास, हीटर बंद असताना रेंज सरासरी १२ टक्के घटली. हीटर चालू केल्यावर ४१ टक्के. आपल्या गाडीचे आकडे या दोन टोकांच्या मध्ये पडत असतील तर आधी सवयी तपासायच्या, मग सुटे भाग.

फुकटातली चाचणी: हीटर चालू, हीटर बंद

पुढच्या सगळ्या तपासण्यांची दिशा हीच चाचणी ठरवते, म्हणून ती टाळू नका. अर्धा तास गाडी चालवून पॅक गरम होऊ द्या. मग ३०-४० किलोमीटरचा एक टप्पा, जाऊन-येऊन (चढ आणि वारा दोन्ही फिटतात), शक्यतो एकाच वेगाने. एकदा हीटर बंद ठेवून, सीट हीटर चालेल. एकदा नेहमीसारखा हीटर लावून. काचेवर वाफ धरायला लागली तर चाचणी सोडा आणि काच साफ करा. आंधळेपणाने गाडी चालवून मिळालेल्या आकड्याचा कोणाला उपयोग नाही.

हीटर बंद असताना खर्च उन्हाळ्यापेक्षा १०-२० टक्क्यांनी जास्त निघाला तर ठीक. हवा गार झाली की दाट होते: २० अंशांच्या तुलनेत उणे ५ अंशांना ती साधारण ९ टक्के दाट असते, आणि वाऱ्याचा अडथळा त्याच प्रमाणात वाढतो. त्यात हिवाळी टायर, ओला किंवा बर्फाळ रस्ता यांची भर. ही वाढ कोणी दुरुस्त करू शकत नाही.

हीटर बंद असूनही खर्च २५ टक्क्यांच्या वर गेला तर टायर आणि ब्रेककडे वळा. दोन फेऱ्यांतली तफावत मोठी असेल तर गरम करण्याच्या यंत्रणेकडे. दोन्ही खर्च योग्य आणि तरीही बॅटरी लवकर रिकामी होत असेल, तरच बॅटरीचा साठा तपासायचा. तिन्ही एकदम उघडून बसू नका.

टायरमधली हवा

तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधली हवा दीड-दोन पीएसआयने कमी होते. २५ अंशांना भरलेली ३६ पीएसआय हवा उणे ५ अंशांना ३१ च्या आसपास येते. टायर पंक्चर नाही, हवा कुठे गळलेली नाही, नुसती आकसली आहे. पण मऊ टायर जास्त दबतो आणि जास्त वीज खातो; शिवाय कडा झिजतात.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. पाच-सहा किलोमीटर चालवून पंपावर मोजलीत तर टायर गरम होऊन आकडा दोन-तीन पीएसआयने फुगलेला दिसेल, आणि तुम्ही समाधानाने परत याल. गाडी उबदार गॅरेजमध्ये असते आणि बाहेर उणे तापमान आहे, अशा वेळी आत मोजलेला आकडाही फसवतो. बाहेर काढून तासभर उभी करा आणि मग मोजा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेला आकडा धरा. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो.

टपावरचं रिकामं कॅरिअर किंवा स्की ठेवायची पेटी उतरवून ठेवा. त्यावर जास्त बोलायची गरज नाही.

हीटरच्या सवयी आणि छोटी कारणं

पुढची काच साफ करायचं बटण सकाळी दाबलं आणि विसरलं, हे कारण नको तितक्या वेळा सापडतं. त्या बटणाने बहुतेक गाड्यांत पंखा पूर्ण वेगाने, हीटर पूर्ण ताकदीने आणि वाफ शोषायला एसीचा कॉम्प्रेसरही चालतो. काच मोकळी झाली की बटण बंद करा आणि ऑटोवर २० अंश लावा. सीट हीटर एका सीटला ५० ते १०० वॅट घेतो, केबिन हीटर त्याच्या वीसपट. सीट आणि स्टिअरिंग गरम असेल तर केबिन दोन अंश गार ठेवूनही चालते.

काचेवर सारखी वाफ का धरते, हेही बघा. पायाखालच्या मॅटखालचा गालिचा हाताने दाबा. बुटांना चिकटलेला बर्फ वितळून तिथे पाणी साठलेलं असतं. गाडी गरम केली की ते वाफ होऊन काचेवर बसतं, आपण हीटर वाढवतो, आणखी पाणी सुटतं. मॅट काढून घरात वाळवा, गालिचा कापडाने टिपून घ्या. केबिन फिल्टर बाहेर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचं काही दिसत नसेल, ओला असेल किंवा पानांच्या कचऱ्याने भरला असेल तर बदला. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि पाच-दहा मिनिटांत निघतो. बसवताना बाणाची दिशा बघा.

आणखी एक छोटी जागा: बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ डॅशबोर्डवर बोटभर जाळी असते. केबिनचं तापमान मोजणारा सेन्सर तिच्यामागे बसतो. मोबाइलचा स्टँड तिच्यावर आला किंवा ती धुळीने बुजली तर गाडीला केबिनचं तापमान चुकीचं कळतं आणि हीटर नको तेवढा चालत राहतो.

निघण्याआधी गरम करणं

साधारण ४०० किलोचा पॅक उणे ५ वरून १५ अंशांवर आणायला २ किलोवॅट-तासांहून थोडी जास्तच वीज लागते. ती भिंतीतल्या प्लगमधून घ्यायची की बॅटरीतून, एवढाच प्रश्न आहे. गाडी प्लगला लावलेली असताना निघायच्या ३०-४० मिनिटं आधी गरम होईल अशी वेळ लावा. चार्जिंगही निघण्याच्या सुमारास संपेल असं बेता. चार्ज होताना पॅक आपसूक थोडा गरम होतो. रात्री अकराला चार्जिंग संपवून पॅक सकाळपर्यंत गारठू देण्यात काही मिळत नाही.

इथे दोन अडचणी येतात. पहिली, साध्या सॉकेटमधून १० अँपिअरवर सव्वादोन किलोवॅटच मिळतात, आणि गरम करायला त्याहून जास्त लागले तर फरक बॅटरीतूनच जातो. अशा वेळी गरम करायची वेळ लवकरची लावा, म्हणजे निघेपर्यंत तूट भरून निघते. दुसरी, गाडी प्लगला नसताना आणि जायचं फक्त ५ किलोमीटर, तर आधी गरम करणं घाट्याचंच. लांबच्या प्रवासाला मात्र ते फेडतं.

फास्ट चार्जरकडे जाताना गाडीच्या स्वतःच्या नकाशात तो चार्जर ठिकाण म्हणून टाका. ज्या गाड्यांत सोय आहे त्या वाटेतच पॅक गरम करायला घेतात. गार पॅकला यंत्रणा मुद्दामच जास्त करंट घेऊ देत नाही, कारण गोठणबिंदूखाली जोरात चार्ज केल्यास लिथियम अ‍ॅनोडच्या (सेलच्या ऋण टोकाच्या) आत न शिरता पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं आणि सेल कायमचा खराब होतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गाडी मंदावत नाही याचंही कारण हेच: त्या वेळी मोटर जनरेटरसारखी चालून गाडी आवरते, आणि तिच्याकडून परत येणारी वीजसुद्धा चार्जिंगच असते. पॅक गरम झाला की दोन्ही पूर्ववत होतं.

उभ्या गाडीतून जाणारी वीज

रात्री टक्के लिहून ठेवा, सकाळी बघा. एखादा टक्का गेला तर सोडून द्या. रोज पाच-सात टक्के जात असतील तर आधी पहाऱ्याचे कॅमेरे बंद करून बघा. कॅमेरे आणि संगणक मिळून २५० वॅट घेत असतील तर २४ तासांत ६ किलोवॅट-तास होतात, म्हणजे ६० किलोवॅट-तासांच्या पॅकचा दहावा हिस्सा. मग मोबाइलचं अ‍ॅप. दर थोड्या वेळाने उघडून टक्के बघितले की गाडी दर वेळी जागी होते, आणि पुन्हा झोपायला तिला वेळ लागतो. बाहेरच्या कंपनीचं अ‍ॅप जोडलं असेल तर तेही दोन रात्री तोडून बघा.

एवढं करूनही गळती थांबली नाही तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी मोजा. गाडी बंद करून काही तास झाल्यावर, मल्टिमीटरने. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ च्या वर दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. ती जुनी झाली असेल तर मोठा पॅक तिला सारखा चार्ज करत बसतो, आणि थंडीच्या एखाद्या सकाळी डॅशबोर्डवर एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा सूचना एकदम पेटतात. काही नव्या गाड्यांत ही छोटी बॅटरीही लिथियमची असते. तिला वरचे आकडे लागू नाहीत.

चिकटलेला ब्रेक

इलेक्ट्रिक गाडीत ब्रेकचा वापर कमी, म्हणून गंज जास्त. रस्त्यावर मीठ टाकत असतील तर आणखीच. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकतात आणि पॅड डिस्कला घासत राहतो. २०-२५ किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक लावत चालवा, थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्कचं तापमान मोजा. हात लावू नका. एकाच अ‍ॅक्सलच्या दोन चाकांत २०-३० अंशांहून जास्त फरक दिसला तर गरम बाजूचा ब्रेक धरतोय. पिना साफ करून योग्य ग्रीस लावणं हे कोणत्याही चांगल्या मेकॅनिकचं काम आहे, पण मागच्या चाकांत इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तो आधी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो. जबरदस्तीने पिस्टन मागे ढकलला तर मोटर तुटते. चारही चाकं गार आणि टायरची एकच कड झिजलेली असेल तर अलाइनमेंट करून घ्या.

हीट पंप आणि कूलंट: बघा, उघडू नका

आधी आपल्या गाडीत हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून कमी विजेत केबिन गरम करणारी, उलट्या एसीसारखी यंत्रणा) आहे का, याची खात्री करा. एकाच मॉडेलच्या काही गाड्यांत तो असतो, काहींत नसतो, आणि नसलेल्या पंपाचा बिघाड शोधण्यात वेळ जातो. असेल तर बाहेर ५-७ अंश असताना २०-२५ मिनिटं गाडी चालवा आणि उबेला जाणारी वीज बघा. केबिन गरम झाल्यावर ती १ ते दीड किलोवॅटच्या आसपास यायला हवी. तिथेही ३ किलोवॅटच्या वर अडून राहिली तर पंप काम करत नाही आणि साधा हीटर एकट्याने भार ओढतोय, असा दाट संशय घ्या. गॅस कमी होणं आणि व्हॉल्व्ह अडकणं ही त्याची नेहमीची कारणं. उणे १५ च्या खाली मात्र हीट पंपाचा फायदा तसाही आटलेला असतो. तिथल्या आकड्यावरून निदान करू नका.

गाडीच्या पुढच्या जाळीत बर्फ साचला असेल तर हाताने किंवा मऊ ब्रशने काढा. उकळतं पाणी ओतू नका. आतल्या झडपा बर्फाने उघड्याच अडकल्या तर गार हवा विनाकारण आत शिरते आणि वाऱ्याचा अडथळाही वाढतो.

कूलंटची (बॅटरी आणि मोटरचं तापमान सांभाळणाऱ्या द्रवाची) टाकी बाहेरून बघा. पातळी खालच्या रेषेच्या खाली असेल तर आपण होऊन भरू नका. बऱ्याच गाड्यांत बॅटरीसाठी कमी वीजवाहक असं खास कूलंट असतं. दुकानातलं कोणतंही ओतलं की ते बिघडतं. शिवाय बंद यंत्रणेतलं कूलंट कमी झालं म्हणजे ते कुठून तरी गेलंय, आणि भरण्यापेक्षा ते शोधणं महत्त्वाचं.

सगळ्यात शेवटी बॅटरीचा साठा

पॅक गरम असताना ९० टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत एका सलग प्रवासात या. ट्रिप मीटरने ३९ किलोवॅट-तास खर्च दाखवला, तर ३९ भागिले ०.७, म्हणजे ५५.७ किलोवॅट-तास साठा. नवीन गाडीत वापरण्याजोगे ६० असतील तर ९३ टक्के शिल्लक. काही वर्षं चाललेल्या गाडीला हे उत्तम. मध्ये थांबू नका. काही गाड्या उभ्या असताना झालेला खर्च ट्रिपमध्ये धरत नाहीत आणि मग साठा खोटाच कमी दिसतो.

ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून मोबाइलवर आकडे दाखवणारं छोटं यंत्र) असेल तर सेलमधला व्होल्टेजचा फरकही दिसतो. ५० टक्क्यांच्या आसपास, गाडी शांत उभी असताना सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सेलमध्ये २०-३० मिलिव्होल्टच्या आत फरक असेल तर निश्चिंत राहा. एकच सेल गट दर वेळी १०० मिलिव्होल्टने मागे राहत असेल तर ती खरी तक्रार आहे.

पॅक एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) रसायनाचा असेल तर आधी एक काम करा. या सेलचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे टक्क्यांचा हिशेब चुकत जातो आणि मग एखाद्या दिवशी आकडा धाडकन खाली येतो. स्लो चार्जरवर १०० टक्के करा आणि चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत प्लग काढू नका. असं दोन-तीनदा केल्यावर हिशेब जागेवर येतो का ते बघा, मगच बॅटरीला दोष द्या.

इथे थांबा

नारिंगी वायर, नारिंगी कनेक्टर आणि पॅकचं झाकण यांना हात लावायचा नाही. आत ४०० किंवा ८०० व्होल्ट डीसी आहे आणि ६० व्होल्टच्या वरचं कोणतंही डीसी धोक्याचं मानतात. यूट्यूब बघून हीटरचा फ्यूज बदलायला जाऊ नका.

इन्सुलेशनचा किंवा हाय व्होल्टेजचा इशारा आला, पॅकजवळून गोडसर किंवा जळका वास आला, धूर किंवा फुसफुस दिसली, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून सगळ्यांना घेऊन लांब व्हा आणि अग्निशमन दलाला कळवा. गाडीखाली रंगीत पाणी दिसलं किंवा तळाला दगड-बर्फाचा जोरदार मार लागल्यानंतर रेंज घटली, तर न चालवता टो करून न्या. टक्के पुरेसे असताना गाडी वारंवार कमी ताकदीच्या मोडमध्ये जात असेल, हीट पंपावर संशय असेल किंवा सेलमधला फरक वाढलेला असेल, तर हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञच गाठा. एसीच्या गॅसवाल्याकडे हीट पंप भरायला नेऊ नका. चुकीचं तेल गेलं तर इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरचं इन्सुलेशनच धोक्यात येतं.

सर्व्हिस सेंटरला जाताना "रेंज कमी झाली" एवढंच सांगितलंत तर "थंडी आहे, होतं असं" हे उत्तर ठरलेलं आहे. सोबत कागद न्या: दोन फेऱ्यांचा खर्च, त्या वेळचं बाहेरचं तापमान, टायरमधली हवा, ९० ते २० टक्क्यांचा साठा आणि डोंगलचे आकडे. बहुतेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात आणि साठा ७० टक्क्यांच्या खाली गेला तर दावा मान्य करतात. पण तो साठा त्या त्यांच्या पद्धतीने मोजतात, म्हणून मोजणीचा लेखी अहवाल मागून घ्या, आणि वॉरंटी संपत आली असेल तर त्यावर तारीख आणि किलोमीटरचा आकडा आहे ना, हे तिथेच बघा.